१९७२ची एमजीबी जीटी, बारा-तेरा वर्षं गॅरेजमध्ये उभी: घ्यावी की सोडावी?

लेस्टरकर

जाणकारांकडून सल्ला हवा आहे. लेस्टरजवळ एक एमजीबी जीटी (एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचं पक्क्या छताचं रूप) विकायला आहे. नोंदणी १९७२ची, क्रोम बंपर, टील ब्लू रंग, तारांची चाकं, ओव्हरड्राइव्ह (वेगात इंजिन हळू फिरवणारा जादा गिअर). शेवटची एमओटी (ब्रिटनमधली वार्षिक वाहनतपासणी) २०११ची, तेव्हापासून गाडी उभीच. इंजिन हाताने फिरतं, पण मालकाने सुरू करून पाहिलेलं नाही. "दोन्ही सिल २००८ साली नवीन घातलेत" असं म्हणतो, पावती मात्र नाही. मागतोय २,६०० पौंड.

माझ्याकडे एक गाडी मावेल एवढं गॅरेज आहे. खड्डा नाही, लिफ्ट नाही. हत्यारं जेमतेम, मिग (तारेच्या) वेल्डिंगचा कॉलेजात संध्याकाळचा कोर्स करणार आहे. वेळ दोन वर्षं धरला आहे.

१. तासाभरात नेमकं काय तपासू?
२. इतकी वर्षं बंद इंजिन म्हणजे मोठा खर्च समजायचा का?
३. त्यापेक्षा उघड्या टपाची रोडस्टर शोधावी का?
४. निवृत्तीनंतर कोल्हापूरला परतायचा विचार आहे. गाडी सोबत नेता येईल का?

सडका_पत्रा

इंजिनाचं आत्ता विसरा. एमजीबीला वेगळी चासी नाही, पत्र्याची बॉडी हीच चासी. १७९८ सीसीचं बी-सिरीज इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक, सगळ्याचे सुटे भाग आजही कॅटलॉगमधून घरपोच येतात. पत्रेही येतात, पण ते बसवायला शेकड्यांनी तास लागतात. म्हणून तासातली पंचेचाळीस मिनिटं गाडीखाली आणि दारांपाशी घालवा, बॉनेट शेवटी उघडा.

आधी सिल म्हणजे काय ते पक्कं करा. दाराखाली दिसते ती फक्त बाहेरची पट्टी. तिच्या आत मधला उभा पत्रा, त्याच्या आत आतला सिल, आणि खालून हे सगळं बंद करणारी कॅसल रेल. किल्ल्याच्या तटासारखी खाचेची, म्हणून ते नाव. हे चार पत्रे मिळून जी पेटी होते तिच्यावर गाडी पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत तोलली जाते. गंज आत, मधल्या पत्र्यापासून लागतो. बाहेर फोड दिसेपर्यंत आत काही उरलेलं नसतं.

आता "नवीन सिल" या शब्दांबद्दल. बाहेरचा सिल पुढच्या विंगच्या (चाकावरच्या पत्र्याच्या) आत आणि मागच्या विंगच्या खालच्या टोकाच्या आत जातो. तो नीट बदलायचा तर पुढची विंग बोल्ट काढून उतरवावी लागते आणि मागच्या विंगचा खालचा तुकडा कापावा लागतो. हे टाळायचं म्हणून कुजलेल्या सिलवरच दुसरा पत्रा चढवून तो विंगेला चिकटवायची पद्धत फार बोकाळली होती. पंक्चरवर रंगीत कागद चिकटवावा तसा प्रकार. ओळखायचं असं: दाराच्या पुढच्या आणि मागच्या कडेखाली, विंग आणि सिल जिथे भेटतात तिथे, उभी सांध्याची रेघ दिसली पाहिजे. रेघ गायब आणि सिल एकसलग गुळगुळीत असेल, तर वरून पत्रा मारलाय किंवा पुट्टी भरली आहे. मग खालून टॉर्च मारा. बाहेरच्या सिलच्या कडेचा सांधा आणि त्याच्या आत कॅसल रेल वेगवेगळी दिसायला हवी. अंडरसीलचा (खालून मारायच्या गंजरोधक लेपाचा) जाड काळा थर असेल तर "गंज लागू नये म्हणून मारलाय" यावर लगेच विश्वास ठेवू नका. तिथेच ठोकून बघा, आवाज टणक हवा, भदभद नको.

दाराच्या फटी मोजा. दाराच्या मागच्या कडेची फट वरपासून खालपर्यंत सारखी हवी. वर चिमटलेली आणि खाली रुंद असेल तर गाडी मधोमध बसते आहे. खात्रीसाठी जॅकिंग पॉइंटला जॅक लावून ती बाजू हळू उचला आणि फटीकडे पाहत राहा. फट बदलली किंवा दार घासायला लागलं तर सिलमध्ये दम नाही. जॅक लावताना कर्रर्र आवाज आला तर तिथेच थांबा, उत्तर मिळालं.

बाकीच्या जागा, महत्त्वाच्या क्रमाने. मागच्या पट्टी-स्प्रिंगचा पुढचा आधार: सिल, फरशी आणि सीटमागची उभी भिंत जिथे मिळतात तो कोपरा. हा कुजला तर अ‍ॅक्सल सुटू शकतो, आणि इथली डागडुजी अवघड. मग मागच्या जागेखालच्या दोन बॅटरी पेट्या: १९७२च्या गाडीत सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात, आम्लाने पेटीचा तळ खाल्लेला असतोच. ते पत्रे स्वस्त आहेत, त्यावरून सौदा मोडू नका. पुढच्या चाकाच्या कमानीत मागच्या बाजूला चिखल अडवणारी पाटी असते. तिचं रबर कुजलं की मागे ओला चिखल साठतो आणि दाराचा पुढचा खांब खालून जातो. दार उघडून वर-खाली हलवा. खेळ बिजागरीत आहे की खांबासकट आहे ते डोळ्याने कळतं.

जीटीच्या दोन खास जागा आहेत. समोरच्या काचेचे खालचे दोन कोपरे, कारण रबराखाली पाणी मुरतं आणि काच काढल्याशिवाय दुरुस्ती होत नाही. आणि मागच्या मोठ्या दाराची खालची कड.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथेच देतो. पहिल्यांदाच वेल्डिंग करणाऱ्याने जीटीच घ्यावी. छत असल्यामुळे काम करताना बॉडी वाकण्याचा धोका रोडस्टरपेक्षा बराच कमी. किंमतही बहुधा कमी असते. तोटा एकच: छत ताठ असल्यामुळे सिल गेले तरी जीटीच्या फटी बऱ्या दिसतात. म्हणून तिथे रोडस्टरपेक्षा जास्त संशयाने बघा.

एसयू_कार्ब

इंजिन हाताने फिरतंय ना, मग घाबरू नका. फक्त उत्साहात बॅटरी लावून थेट स्टार्टर मारू नका. अशा इंजिनांचा घात न सुरू होण्याने होत नाही, घाईने सुरू करण्याने होतो.

क्रम असा ठेवा. चारही प्लग काढा, प्रत्येक भोकात दोन-तीन चमचे पातळ तेल सोडा आणि चार दिवस राहू द्या. मग चौथा गिअर टाकून, प्लग बाहेरच ठेवून, गाडी हाताने पुढे-मागे ढकला. सहज फिरलं की जुनं तेल काढा, फिल्टर बदला, २०डब्ल्यू-५० भरा, फिल्टरसकट सुमारे सव्वाचार लिटर लागतं. टॅपेट कव्हर काढून रॉकरवर तेल ओता. आता प्लगशिवायच स्टार्टरने दहा-दहा सेकंद फिरवा, मध्ये स्टार्टरला विश्रांती द्या. तेलाच्या मीटरची सुई हलेपर्यंत पुढचं काही करायचं नाही. फार दिवस उभ्या बी-सिरीजमध्ये ऑइल पंप कोरडा पडून तेल खेचतच नाही. तसं झालं तर ऑइल कूलरच्या पाइपातून पंपाकडे तेल सोडा, मग उचलतो.

याच वेळी कंप्रेशन (प्रत्येक सिलिंडरमधला दाब) मोजून घ्या. १४० ते १६० पीएसआयच्या आसपास आणि चारही सिलिंडर एकमेकांच्या दहा टक्क्यांत असले की उत्तम. शेजारशेजारचे दोन कमी असतील तर हेड गॅस्केट. एकच कमी असेल तर बहुधा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. थेंबभर तेल टाकून पुन्हा घ्या, आकडा वाढला तर रिंगा.

टाकीतलं जुनं पेट्रोल वार्निश झालेलं असणार. त्यातला एक थेंबही कार्बुरेटरपर्यंत जाऊ देऊ नका. टाकी उतरवा, धुवा, आतून गंजली असेल तर नवीच घाला. एसयू कंपनीचा विजेचा पेट्रोल पंप मागे बॅटरी पेट्यांजवळ असतो, त्याचे पॉइंट काळे पडून चिकटतात. हलकी टिचकी मारली की टकटक सुरू होते. ती तात्पुरती युक्ती आहे, पॉइंट बदला. पेट्रोलच्या सगळ्या रबरी नळ्या आर९ दर्जाच्या घाला. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१पासून साधं पेट्रोल ई१० आहे आणि त्यातलं इथेनॉल जुन्या रबराला भुसभुशीत करतं. गाडी चालायला लागली की महागडं ई५ भरा. कार्बुरेटरच्या फ्लोटची सुई अडकली तर पेट्रोल ओसंडून थेट गरम एक्झॉस्टवर सांडतं, कारण या इंजिनात दोन्ही एकाच बाजूला आहेत. पहिल्यांदा सुरू करताना आग विझवायचं नळकांडं हाताशी ठेवा, दहा फुटांवर नको.

टॅपेटची फट १५ थाउ (इंचाचे हजारांश). नऊचा नियम वापरा: आठवा व्हॉल्व्ह पूर्ण दाबलेला असताना पहिला लावायचा, सातवा दाबलेला असताना दुसरा, बेरीज नेहमी नऊ. किंचित टिकटिक ऐकू येणं चांगलं. गप्प टॅपेट म्हणजे व्हॉल्व्ह पुरता बसत नाही, तो जळतो. हेडमध्ये व्हॉल्व्हच्या कडक सीट (बैठका) बसवलेल्या आहेत का तेही विचारा. नसतील तर लगेच हेड उतरवायची गरज नाही, पण कधी उतरलंच तर एक्झॉस्टच्या सीट बदलून घ्या.

गाडी गरम झाल्यावर धावताना तेलाचा दाब ५० ते ७० पीएसआय, मंद चालीवर १५ ते २५ असेल तर खालचं इंजिन उघडू नका.

ब्रेकवर मात्र कंजुषी नको. ब्रिटनमध्ये विकलेल्या १९७२च्या गाडीत ब्रेकचं सर्किट एकच आहे. एक होज फुटला की चारही चाकं गेली. बारा वर्षं उभ्या गाडीचे होज बाहेरून बरे आणि आतून सुजलेले असतात. पॅडल दाबल्यावर तेल जातं, परत येत नाही, चाक धरून राहतं. सगळे होज, कॅलिपरची आतली रबरं, मागचे व्हील सिलिंडर, मास्टर सिलिंडर, आणि गंजलेले पाइप काढून तांबे-निकेलचे. क्लचचंही मास्टर आणि स्लेव्ह त्याच ऑर्डरमध्ये मागवा. क्लच प्लेट चिकटलेली असू शकते, आणि ती बदलायला इंजिन बाहेर काढावं लागतं हे हिशेबात धरा.

तारांच्या चाकांसाठी: एकाला ब्रेक दाबून ठेवायला सांगा, चाक उचलून पुढे-मागे फिरवून बघा. टक्क आवाज आणि खेळ म्हणजे हबचे दाते झिजलेत. मग चाक आणि हब दोन्ही बदलायचे, एकच बदललं तर जुनं नव्याला खातं. पुढच्या किंगपिनला (पुढचं चाक ज्यावर वळतं त्या खिळीला) ग्रीस मिळालेलं नसतं. ग्रीस मारताना चाक उचलून, वजन काढूनच मारा, नाहीतर ते वरच्या भागात पोचतच नाही.

आणि गिअरबॉक्समध्ये इंजिनाचंच २०डब्ल्यू-५० जातं. कोणी "गिअर ऑइल" म्हणून ईपी९० भरलं असेल तर काढून टाका, ओव्हरड्राइव्हला ते मानवत नाही.

थांबा_पाहा

दोघांनी गाडी जागी कशी करायची ते सांगितलं. मी घेऊ नका असं सांगणारा माणूस. १९६२ ते १९८० या काळात पाच लाखांहून जास्त एमजीबी बनल्या. त्यातल्या आठ सिलिंडरच्या व्ही८ जीटी फक्त २,५९१, तिथे घाई समजू शकतो. साध्या जीटीसाठी नाही. ही गेली तर पुढच्या महिन्यात दुसरी. बंद गाडीवर रंगकाम, क्रोम, आतली गादी, टायर, वायरिंग असं सगळं करून मालक विकतो तेव्हा खर्चाच्या निम्मेही वसूल होत नाहीत. म्हणून चालती, पावत्यांची फाइल असलेली गाडी जास्त पैसे देऊन घेणं हाच बहुतेकांसाठी स्वस्त रस्ता. ज्याला गंजलेला पत्रा कापण्यातच मजा वाटते त्याची गोष्ट वेगळी.

आणि एक: सुटे भाग खोक्यांत भरलेली, अर्धवट उघडलेली गाडी कुणी फुकट दिली तरी घेऊ नका. ही निदान अखंड आहे, एवढं तिच्या बाजूने.

कागद: सरकारी संकेतस्थळावर नंबर टाकून एमओटीचा इतिहास बघा, २००५पासूनचा मिळतो. २००८च्या आधीच्या एमओटीत सिलच्या गंजाची तक्रार आणि नंतर ती नाही, असं दिसलं तर मालक निदान अर्धं खरं बोलतोय. व्ही५सी (गाडीचं नोंदणीपत्र) म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे, ओळखपत्र पाहून लेखी पावती घ्या. चासी क्रमांक जीएचडी५ने सुरू व्हायला हवा. डी म्हणजे जीटी. तिथे एन दिसला तर कागद एखाद्या रोडस्टरचे आहेत. चाळीस वर्षांवरची असल्यामुळे रोड टॅक्स शून्य आणि एमओटीची सक्ती नाही, पण टॅक्सचा वर्ग बदलून घ्यावा लागतो. सक्ती नसली तरी पहिल्यांदा रस्त्यावर काढण्याआधी एमओटी कराच. परक्या डोळ्यांनी केलेली तपासणी त्या पैशांत दुसरीकडे मिळत नाही.

लेस्टरकर

सर्वांचे आभार. आज जाऊन पाहिली. चासी क्रमांक जुळला. डावीकडे दाराखाली दोन्ही उभ्या रेघा स्पष्ट आहेत, कॅसल रेल दिसते, जॅकने उचलल्यावर फट हलली नाही. उजवीकडे मागची रेघ नाही. दाराची फट वर साधारण ३ मिमी, खाली ७. उजव्या स्प्रिंगचा आधार ठोकल्यावर टणक वाटला. काचेचे कोपरे बरे आहेत. बॅटरी पेट्यांतून जमीन दिसते. २००७च्या एमओटीत दोन्ही बाजूंच्या सिलचा उल्लेख आहे, २००८मध्ये पास.

सडका_पत्रा

म्हणजे डावी बाजू कारागिराने केली, उजवी कंटाळून. उजवीकडे आत जुना कुजका पत्रा आहे असंच धरून चला: बाहेरचा सिल, मधला पत्रा, कॅसल रेल, फरशीची कड, मागच्या विंगचं खालचं टोक, जॅकिंग पॉइंट. आधार टणक वाटला तरी सिल उघडल्यावर त्याच्या मुळाशी थोडं काम निघेलच. मालकाला फटीचे आकडे आणि २००७चा उल्लेख दाखवा. १,५००च्या आसपास देत असेल तर घ्या. २,०००च्या वर गेला तर सोडा.

घेतलीत तर कामाची पद्धत ऐका. बॉडी पूर्ण उघडी करायचा मोह टाळा. आधी टाकी बाहेर, बॅटरी सोडवलेली, अल्टरनेटरच्या तारा काढलेल्या. सिलमध्ये पूर्वी मेण फवारलं असेल तर ते वेल्डिंगला पेट घेतं, आतून बाहेर येणारा धूर दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. गाडी चार स्टँडवर सपाट उभी करा, मागे अ‍ॅक्सलखाली आणि पुढे क्रॉसमेंबरखाली, म्हणजे वजन रोजच्याच जागांवर राहतं. सिलखाली स्टँड लावायचे नाहीत, तेच तर कापायचे आहेत. काम सुरू करण्याआधी जॅकने फट वर-खाली सारखी होईपर्यंत बॉडी किंचित उचला. मग दाराच्या चौकटीत पुढच्या खांबापासून मागच्या खांबापर्यंत चौकोनी नळीचा आडवा आणि तिरका टेकू टाका. जीटीला टेकू लागत नाही असं म्हणणारे भेटतील. तुमची उजवी बाजू आधीच बसलेली आहे, तुम्हाला लागतो.

एका वेळी एकच पत्रा. आधी बाहेरचा कापा, मधला पत्रा मोकळा करा, कॅसल रेल आणि मधला पत्रा बसवा. आत झिंक प्रायमर मारा, वेल्ड व्हायच्या कडांना वेल्डिंग सोसणारा. सिलसाठी १.२ मिमी पत्रा, मिगमध्ये ०.६ मिमीची तार, गॅस अर्गॉन आणि पाच टक्के कार्बन डायऑक्साइड. मूळ स्पॉट वेल्डच्या जागी ६ मिमीची भोकं, दर २५-३० मिमीवर एक, आणि ती वेल्डने भरायची. सलग रेघ ओढू नका, पत्रा तापून वळतो. एक भोक पुढे, एक मागे, एक मधे.

बाहेरचा सिल वेल्ड करण्याआधी तो फक्त क्लँपने धरा, दार लावा, पुढची विंग चार बोल्टवर टांगा आणि तिन्हींच्या फटी जुळवा. त्या जुळल्यावरच वेल्ड. हे उलट केलं तर दार कधीच नीट लागत नाही आणि मग पुट्टीने फटी "बनवाव्या" लागतात. रंग झाल्यावर, आधी नाही, भोकांतून आत मेण फवारा. पाणी निघायची भोकं मोकळी ठेवा. शिकाऊ हाताला ही एक बाजू चार-पाच आठवड्यांचे शनिवार-रविवार खाईल.

डाव्या बाजूला हात लावू नका.

थांबा_पाहा

आकडे पाहता माझा विरोध मागे. १,५००ला ठीक. उजवी बाजू उघडल्यावर स्प्रिंगचा आधारही गेलेला निघाला तर नव्या शेलचा (बॉडीच्या अख्ख्या सांगाड्याचा) विचार डोक्यात येईल. व्हिटनीची ब्रिटिश मोटर हेरिटेज १९८८पासून मूळ साच्यांवर एमजीबीचे शेल काढते. वस्तू उत्तम, पण किंमत पाच आकडी, रंग वेगळा. या गाडीत ते पैसे परत येणार नाहीत.

करवीर_कर

चौथ्या प्रश्नाला कोणी हात घातला नाही म्हणून. भारतात २०२१पासून विंटेज वाहनांसाठी वेगळे नियम आहेत. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली गाडी व्हीए मालिकेत नोंदवता येते. शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, नूतनीकरण ५,०००. त्यावर रोज फिरता येत नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच. १९७२ची गाडी वयात बसते आणि स्टीअरिंगही उजवीकडे आहे. पण नियमात एक अट आहे: चासी, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. म्हणून नवा शेल किंवा दुसरं इंजिन घालायच्या आधी कोल्हापूरचा बेत पक्का आहे का ते ठरवा. वेल्डिंगच्या आधीचे, मधले आणि नंतरचे फोटो तारखेसह ठेवा, पत्रे आणलेल्या पावत्याही. आयात आणि सीमाशुल्काचं मात्र नेण्याच्या वर्षी सीमाशुल्क सल्लागारालाच विचारा, ते इथे लिहिण्यात अर्थ नाही.

एसयू_कार्ब

हत्यारं जेमतेम म्हणालात म्हणून: मेट्रिक पाने घेऊ नका. या गाडीचे बहुतेक नट-बोल्ट यूएनएफ (इंचातल्या आट्यांचे) आहेत, पाने एएफ (इंचातल्या मापाचे) लागतात. सात-सोळांश, अर्धा, नऊ-सोळांश हे तीन सगळ्यात जास्त. अर्ध्या इंचाच्या बोल्टला १३चा पाना लागल्यासारखा वाटतो, आणि विंगच्या गंजलेल्या बोल्टचे कोपरे तिथेच गोल होतात. विंगच्या बोल्टांना आठवडाभर आधीपासून रोज तेल लावा.